न पाहता दिलेली सूचना

भूमिपूजनाची यादी माझ्याच हातची आहे. लेआउटच्या नागरिक समितीची मी तेव्हा सचिव होते आणि यादी केल्याशिवाय माझं कुठलंच काम होत नाही. खुर्च्या, सतरंज्या, हार, नारळ, कुदळीला बांधायची रिबन, पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या. अकराव्या क्रमांकावर लिहिलं आहे : 'विहीर – रविवारपर्यंत.' पुढे बरोबरची खूण. बाराव्यावर : 'माइक – गुलाबभाऊ.' त्याच्याही पुढे खूण.

आम्ही नंदनवनच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या. ही गेली नाही. बाराव्या क्रमांकावरचा माणूस मला अकराव्या क्रमांकापासून वेगळा काढता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गुलाबभाऊ मेश्राम यांचं माइकचं दुकान म्हणजे घरापुढची पत्र्याची खोली. शहराबाहेर, हुडकेश्वरच्या पुढे आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती. आम्ही तिथे घर बांधलं तेव्हा घरांच्या चार ओळी, भोवती तुरीची शेतं आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर एक विहीर, एवढंच होतं. गुलाबभाऊ आमच्याही आधीचे. माणूस इतका उंच की कुणाच्याही दारातून आत येताना वाकायचा, आणि सवयीने बाहेर पडल्यावरही दोन पावलं वाकलेलाच चालायचा. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट. खिशात टेस्टर आणि पेन्सिल. पेन नाही, कारण पेन गळतं.

त्यांच्याकडे एक सायकलरिक्षा होती. पुढे भोंगा, मागे बॅटरी. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माइक धरून ते स्वतः रिक्षा चालवत गल्लीगल्लीतून सूचना देत फिरायचे. लस टोचायला येणार आहेत, कुणाची पर्स सापडली आहे, कुणाकडे जयंतीचं जेवण आहे. ओरडणं अजिबात नाही. शेजारच्या खाटेवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा आवाज. सुरुवात ठरलेली : "लक्ष द्या. दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा नाही." आणि खरोखरच तिसऱ्यांदा सांगायचे नाहीत. आम्हालाही पहिल्याच वेळी कान देऊन ऐकायची सवय लागली होती.

भाषणाला उभा राहिलेला माणूस आधी माइकवर टिचक्या मारतो, फुंकतो. ते गुलाबभाऊंना सहन होत नसे. बुद्धजयंती असो की गणपती, मागून हळूच येऊन ते म्हणत, "मारू नका जी त्याले. तो ऐकूनच राहिला." एकदा एका हेडमास्तरांना त्यांनी हे भर सभेत सांगितलं. हेडमास्तर माइकची माफी मागून बोलायला लागले.

त्यांचा नियम एकच होता. जे स्वतः पाहिलं नाही, ते भोंग्यातून सांगायचं नाही. रेशन दुकानात साखर आली असं कुणी सांगितलं की हे आधी सायकलने जाऊन पोती पाहून येणार, मग सूचना. एकदा आमच्या मागच्या ओळीतल्या भोयरकाकांचा पुतण्या धावत आला. काका गेले, दवाखान्यातून फोन आला, सूचना द्या. गुलाबभाऊंनी त्याला दुकानात बसवलं आणि स्वतः सायकल काढून दवाखान्यात गेले. दीड तासाने परत आले.

"तुझा काका मेला नाही," ते पुतण्याला म्हणाले. "बिस्किट खाऊन राहिला. अन् तुले बलावून राहिला."

"पण फोन आला होता नं भाऊ!"

"बाजूच्या खाटेवरचा गेला. तू फोनवर निवांत ऐकत जा गा."

भोयरकाका त्यानंतर सहा वर्षं जगले. दुकानासमोरून जाताना दर वेळी ते काठी वर करायचे. "गुलाब, पाहून घे गा. अजून हावो मी." ते खरोखर गेले त्या दिवशी गुलाबभाऊ त्यांच्या घरी जाऊन बराच वेळ उशाशी बसले. मग उठून बॅटरी जोडली. लेआउटमधल्या कुणीही "खरंच का?" म्हणून विचारलं नाही.

बायको आम्ही तिथे जायच्या आधीच वारली होती. मुलगी पुण्याला. ती रविवारी दुपारी फोन करायची, म्हणून रविवारी दुपारी दुकान बंद. फोन पाच मिनिटांचा असायचा. दुकान मात्र संध्याकाळपर्यंत बंद राहायचं.

मग साहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहून काही फरक पडणार नाही. निवडणुकीच्या आधीची सभा होती. मोकळ्या प्लॉटवर, विहिरीच्या कडेला, गुलाबभाऊंच्याच माइकवर. साहेबांनी माइकला टिचकी मारली नाही. दोन्ही हातांनी तो जवळ घेतला आणि विचारलं, "मागच्या आयाबहिणींना ऐकू येतंय ना?" मग ते पाऊण तास बोलले. आमच्यातली एकही बाई मधून उठून गेली नाही, आणि संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे कुकर लावायची वेळ. "एका वर्षात घरोघरी नळ," ते म्हणाले. "नळ आला नाही, तर या लेआउटमध्ये मी पाऊल ठेवणार नाही." साहेबांनी आम्हाला दिलेल्या शब्दांपैकी हा एकच त्यांनी तंतोतंत पाळला.

भाषण संपल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, माइक पुसला आणि गुलाबभाऊंच्या हातात दिला. नाव विचारलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुलाब, असा आवाज आमच्याकडे पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ आमच्या फाटकाशी उभे होते. काम काहीच नव्हतं. "ताई, माइक पुसून देल्ला जी त्यानं," ते म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली मले या धंद्यात. कोनी पुसून नाही देल्ला."

साहेब निवडून आले. नळाच्या कामाच्या भूमिपूजनाचा दिवस ठरला. साहेबांची माणसं जागा पाहायला आली आणि म्हणाली, स्टेज मधोमध हवं. मधोमध विहीर होती. मग बुजवून टाका, ते म्हणाले, नाहीतरी नळ येतोच आहे. मुरूम आम्ही पाठवतो, डंपरसकट. समितीची बैठक बसली. डास होतात, लेकरं वाकून बघतात, उन्हाळ्यात पाणी मचूळ लागतं, सगळं बोलून झालं. विहीर कधी आटली नाही, हे कुणी बोललं नाही. ठराव मी लिहिला. पहिली सही गुलाबभाऊंची, दुसरी माझी.

सही केली नाही ती एका सायाबाईंनी. विहिरीसमोरचं घर त्यांचं. हे सगळं शेत होतं तेव्हा त्यांच्या नवऱ्याने आणि दोन दिरांनी ती विहीर हाताने खोदली होती. गावातल्या विहिरीवर त्यांना किती वेळ उभं राहावं लागायचं, ते त्या कधी सांगत नसत. एवढंच म्हणायच्या, "आमची झाल्यावर मी पयल्या दिवशी उगाच सात खेपा केल्या. घरात भरायले भांडं नव्हतं, तरी केल्या."

शुक्रवारी गुलाबभाऊ रिक्षा घेऊन निघाले. "लक्ष द्या. नळ येत आहे. रविवारी विहीर बुजवण्यात येईल. आपापले दोर, बादल्या काढून घ्याव्या." सायाबाई रिक्षापुढे आडव्या उभ्या राहिल्या. ठेंगण्या बाई, गुलाबभाऊंच्या कोपराला लागतील एवढ्या.

"गुलाब, थांब गा. नळ पायला का तू?"

माइक चालूच होता. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"नळ नाही पायला, मावशी. साहेबाले पायलं."

"मंग साहेबालेच भरजो माह्या पान्याच्या गुंडात!"

गल्ली हसली. तेही भोंग्यातून ऐकू आलं. गुलाबभाऊ स्वतःही हसले, आणि सूचना दुसऱ्यांदा देऊन पुढे गेले. रविवारी दुपारपर्यंत डंपरच्या नऊ खेपा झाल्या. माझ्या वहीत त्या खेपांचीही नोंद आहे.

भूमिपूजन चांगलं झालं. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. रस्त्याच्या कडेला मोठे लोखंडी पाइप रचून ठेवले होते, त्यांच्यापुढे साहेबांचे फोटो झाले. मग दिवाळी गेली, होळी गेली. पाइप तिथेच. मुलांनी एका पाइपवर पांढऱ्या ऑइलपेंटने तीन स्टंप काढले आणि क्रिकेट सुरू केलं. उन्हाळ्यात टँकर आला. दर दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी. मी टँकरची यादी करायला लागले : कोणती ओळ, किती ड्रम, कुणाचा नंबर.

एका सकाळी ट्रक आला आणि पाइप उचलून नेले. आम्हाला वाटलं, काम सुरू होतं आहे. गुलाबभाऊ मात्र सायकल घेऊन ट्रकच्या मागे गेले. उशिरा का होईना, पाहून यायची त्यांची सवय जागी झाली होती.

दुपारी ते आमच्याकडे आले. वाकून आत आले, पण बसले नाहीत.

"ताई, आपले स्टंप तिकडे हायेत," ते म्हणाले.

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लेआउटमध्ये ट्रक रिकामा झाला. तिथेही मंडप, तिथेही रिबन लावलेली कुदळ. एक माणूस ऑटोत बसून सूचना देत फिरत होता : नळ येत आहे. आणि कडेला रचलेल्या पाइपांत वरच्याच पाइपवर आमच्या मुलांचे तीन स्टंप.

"त्या ऑटोवाल्याले तुम्ही काही सांगितलं?"

"काय सांगू जी? तो बिचारा माह्यासारखाच बोलून राहिला होता. आवाज चांगला होता त्याचा."

त्यानंतर ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. तीन दिवस सकाळी फाटकाशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी साहेब गाडीत बसायला बाहेर आले, आणि इतक्या गर्दीत त्यांनी नावाने हाक मारली. "अरे, गुलाब! आवाज कसा आहे?" खांद्यावर हात ठेवला. "काम होऊन जाईल." गाडी गेली. हे मला सांगताना गुलाबभाऊ अंगणातल्या ड्रमच्या झाकणावरून बोट फिरवत होते.

"दोन मिनिटं मले पुन्हा खरं वाटलं, ताई. तेच वाईट हाय."

टँकरच्या रांगेत त्यांना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, "गुलाबभाऊ, नळ आला का?" सगळे हसले. मग रोज कुणी ना कुणी विचारायचं. त्यात दुष्टपणा होता असं नाही. थोड्या दिवसांनी तो त्यांना करायचा नमस्कारच झाला. भाजीवालीही विचारायची, शाळेतून येणारी मुलंही विचारायची. गुलाबभाऊ सगळ्यांना मान हलवून उत्तर द्यायचे : नाही. चिडले असते तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण ते प्रत्येकाला खरं उत्तर देत राहिले. मग ते रांगेत यायचेच बंद झाले. टँकर निघून जाताना पाइपातून जे ठिबकतं, त्याखाली बादली धरायचे.

साहेबांवर कुणी फार रागावलं नाही. ते दूर होते. गुलाबभाऊ जवळ होते.

सूचना थांबल्या. दुकान बंद झालं, अँप्लिफायरवर चादर आली. लेआउटचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, त्याची अॅडमिन मीच. तिथे कोणीही काहीही टाकतो. भोयरकाका हयात असते तर त्या ग्रुपवर तीनदा वारले असते.

पुढच्या मे महिन्यातली एक दुपार. मला ऑफिसला सुट्टी होती. बाहेर चिटपाखरू नाही, घरोघरी कूलर चालू. आणि अचानक तो आवाज आला. मी कूलर बंद केला.

"लक्ष द्या. दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा नाही. लेआउटमधील सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, नळ येत आहे, ही सूचना मी दिली होती. ती मी न पाहता दिली होती. ती सूचना मी परत घेत आहे. विहीर बुजवण्याची सूचना मीच दिली होती. ती परत घेता येत नाही. गुलाब मेश्राम, माइकवाले."

भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून ते रिक्षा ओढत होते. मी खिडकीचा पडदा बाजूला केला. बाहेर गेले नाही. ऊन फार आहे, असं स्वतःला सांगितलं. ठरावावरची दुसरी सही माझी होती, आणि त्यांनी फक्त स्वतःचं नाव घेतलं होतं. चारही ओळींत त्यांनी ती सूचना दोन-दोनदा दिली. एकही दार उघडलं नाही. एकच उघडलं, सायाबाईंचं.

त्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. या वेळीही माइक चालूच होता.

"आता काहून सांगून राहिला गा? सगळे झोपले."

"आधी सांगतलं होतं नं, मावशी. म्हणून."

"पानी पेतं का?"

"नाही."

"पे गा. टँकरचंच हाय. विहिरीचं नाही."

मग त्यांनी माइक बंद केल्याचा आवाज आला. पाणी प्यायले की नाही, ते माझ्या खिडकीतून दिसलं नाही.

आठवड्याने ते माझ्याकडे आले. "ताई, विहिरीचं तोंड किती होतं? वहीत असन तुमच्या."

मी वही काढली. खुर्च्या किती, हार किती, डंपरच्या खेपा किती, सगळं होतं. विहिरीचं माप नव्हतं. मी दोनदा पानं उलटली.

"असू द्या जी," ते म्हणाले. "तुमची यादी कार्यक्रमाची होती."

ते माप सायाबाईंच्या पायात होतं. विहिरीच्या काठाभोवती त्या चाळीस वर्षं फिरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोकळ्या प्लॉटवर आल्या, मुरमावर एका जागी उभ्या राहिल्या आणि पावलाला पाऊल लावत गोल चालल्या. मागून गुलाबभाऊ वाकून, डब्यातली फक्की टाकत. शाळेच्या मैदानावर रेघा मारायची ती पांढरी भुकटी. "अजून बाहेर गा. इथं दगड होता, दोर घासायचा." गोल पूर्ण झाला. त्यापुढे दर रविवारी दुपारी, फोन येऊन गेला की, गुलाबभाऊ फक्की घेऊन निघायचे आणि पुसट झालेला गोल पुन्हा काढायचे. सायाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम द्यायच्या. त्या गोलात कुणी गाडी लावली नाही. का लावायची नाही, हे नवीन राहायला आलेल्यांना माहीत नव्हतं, तरी लावली नाही.

आम्ही नंदनवनला आलो. इथे नळ आहे, सकाळी साडेपाचला येतो. सायाबाई गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. मी विश्वास ठेवला नाही. कुणाला तरी फोन करून विचारलं. खरं होतं.

गेल्या हिवाळ्यात घराच्या कागदांच्या कामासाठी लेआउटवर गेले होते. रविवारची दुपार. पुन्हा निवडणूक जवळ आली होती. मोकळ्या प्लॉटच्या एका टोकाला नवा मंडप उभा राहत होता, नव्या माणसाच्या चेहऱ्याचे बॅनर लागत होते. स्टेज मात्र मधोमध नव्हतं. कडेला होतं.

मधोमध गुलाबभाऊ होते. केस पूर्ण पांढरे. हातात फक्कीचा डबा. मला त्यांनी पाहिलं नाही, आणि मी हाक मारली नाही. काय बोलायचं याची मी यादी केली नव्हती. ते वाकून गोल काढत होते, आणि चालत होते ते स्वतःच्या पावलांनी नाही. एवढा उंच माणूस टाचेला बोट लावत, अगदी आखूड, एका ठेंगण्या म्हाताऱ्या बाईची पावलं टाकत होता. एका जागी थांबून त्यांनी किंचित बाहेरून वळण घेतलं. तिथे दगड होता.

स्टेजवर कुणीतरी माइकवर टिचक्या मारल्या. हॅलो, हॅलो. गुलाबभाऊंनी मान वर केली. त्या माणसाकडे पाहिलं. तोंड उघडलं, असं मला वाटलं. मग पुन्हा वाकले, आणि पुढचं पाऊल मागच्या पावलाला लावलं.